पुण्यात लॉन आणि बागेच्या देखभालीच्या छोट्या व्यवसायासाठी नवे ग्राहक कसे मिळवावेत

लॉनच्या देखभालीचे काम करणाऱ्याला ग्राहक कमी पडू लागले की तो सर्वांत आधी पत्रके छापून घेतो आणि मिळतील त्या भागात वाटतो. मीही सुरुवातीला तेच केले. माझे बिऱ्हाड कोथरूडला, आणि पत्रकांवरून मिळालेली पहिली तीन कामे हडपसर, वाकड आणि धायरी अशा तीन दिशांना होती. कामे मिळाल्याचा आनंद मोठा होता, परंतु वर्षअखेरीस वही उघडून हिशेब मांडला तेव्हा दिसले की कामाच्या तासांपैकी जवळजवळ निम्मे तास मी आणि माझा सहकारी टेम्पोत बसून काढले होते. तेव्हापासून मी एकच नियम पाळत आलो आहे: नवा ग्राहक आधी चालू कामाच्या कुंपणापलीकडे शोधायचा, आणि शहरात इतरत्र नंतर. पुढे जे लिहिले आहे ते या नियमाच्याच आधाराने, आणि दोन-तीन माणसांच्या बळावर चालणारा व्यवसाय डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

पहिली पायरी: गल्ली ठरवा, मग ग्राहक

समजा, हजार चौरस फुटांच्या, म्हणजे एका गुंठ्याहून थोड्या कमी लॉनची कापणी, कडा सारख्या करणे, तण काढणे आणि झाडलोट या सगळ्याला दोन माणसांना सव्वा तास लागतो. कामे एकाच गल्लीत असतील तर आठ तासांत पाच बागा आरामात होतात, कधी सहाही होतात. तीच कामे कोथरूड, वाकड आणि खराडी अशी विखुरलेली असतील, तर विद्यापीठ चौकातली आणि नगर रस्त्यावरची गर्दी जमेस धरून दिवसाला तीन बागा झाल्या तरी पुष्कळ. म्हणजे दर तोच ठेवूनही दिवसाची कमाई जवळपास निम्म्यावर येते. म्हणून व्यवसाय सुरू करताना राहत्या घरापासून किंवा अवजारे ठेवण्याच्या जागेपासून चार-पाच किलोमीटरच्या आत दोन किंवा तीन पट्टे निवडावेत आणि पहिले वर्ष त्यांच्याबाहेर जाऊ नये.

पट्टा निवडण्यासाठी रविवारी सकाळी दुचाकीवरून तो भाग फिरून पाहावा आणि किती घरांसमोर मोकळी जमीन आहे, त्यांतल्या किती ठिकाणी खरोखर लॉन आहे, किती ठिकाणी गवत गुडघ्याला लागले आहे, हे वहीत लिहावे. औंधची सिंध सोसायटी, कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, सहकारनगर आणि निगडी प्राधिकरण येथे बंगल्यांभोवती जमीन आहे. बावधन आणि पाषाणकडे बंगले आणि रो-हाउसच्या छोट्या बागा आहेत. बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी येथे मोठी गृहसंकुले आहेत. प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता परिसराबद्दल मात्र सावध राहावे असे मला वाटते, कारण तेथे जुन्या बंगल्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत आणि दरवर्षी एखादी बाग वहीतून कमी होते. तेथील जुने ग्राहक जपावेत, पण सगळा व्यवसाय त्यांच्यावर उभा करू नये.

दुसरी पायरी: चालू काम शेजाऱ्यांना दिसू द्या

या व्यवसायाची जाहिरात कामाच्या जागीच होते. यंत्राचा आवाज येतो, कापलेल्या गवताचा वास गल्लीभर पसरतो आणि येणारे-जाणारे क्षणभर थांबून पाहतात. त्या क्षणी आपण कसे दिसतो आणि काय बोलतो यावर पुढचे काम ठरते. दोघांच्या अंगात एकसारखे, स्वच्छ टी-शर्ट असावेत, टेम्पोवर व्यवसायाचे नाव, 'लॉन व बागेची देखभाल' हे शब्द आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत असावा, आणि काम संपल्यावर फाटकाबाहेरचा रस्ताही झाडूनच निघावे. शेजाऱ्याच्या दारात उडालेले गवत आपण न सांगता झाडले, तर त्याच्याशी बोलायला दुसरे निमित्त शोधावे लागत नाही.

बावधनमधला एक प्रसंग सांगतो. ऑगस्ट महिना होता आणि एका घराच्या लॉनवर ताटाएवढे पिवळे डाग पडले होते. पाऊस असूनही पाणी कमी पडत असावे असे समजून मालकीणबाई रोज नळी लावत होत्या. मी डागाच्या कडेचे गवत मुठीत धरून उचलले, तर ते सतरंजीचा कोपरा उचलावा तसे अलगद वर आले. मुळे कुरतडलेली होती आणि खालच्या ओल्या मातीत चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या होत्या. ती हुमणी होती. एका हातभर जागेत आठ अळ्या निघाल्या. कुंपणाच्या भिंतीवरून शेजारचे काका हे सगळे पाहत होते. त्यांनी विचारले, "अहो, आमच्याकडेही असेच डाग आहेत, जरा बघता का?" त्यांच्याकडेही हुमणीच निघाली. निंबोळी पेंड आणि मेटारायझियम या बुरशीचा उपचार आम्ही दोन्ही घरी केला, मेलेल्या जागी नवे गवत लावले, आणि दिवाळीपर्यंत त्या गल्लीत आमची चार घरे झाली. त्या काकांना मी दर सांगितला नव्हता, सवलतही देऊ केली नव्हती. त्यांना रोगाचे कारण डोळ्यांनी दिसले, एवढेच झाले.

त्यामुळे शेजाऱ्याशी बोलताना आपल्या व्यवसायाची माहिती सांगत बसण्यापेक्षा त्याच्या बागेतली एक खरी गोष्ट दाखवावी. "काकू, शेजारचे लॉन आम्ही दर शुक्रवारी करतो. तुमच्या कडेला लव्हाळा वाढलेला दिसला. तो वरून उपटला की जमिनीतली गाठ राहते आणि पुन्हा फुटतो, खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. वेळ असेल तर दाखवतो." एवढे पुरते. उत्तर 'नको' असे आले तर नमस्कार करून निघावे. आधीच्या माणसाच्या कामाला नावे ठेवू नयेत, कारण तो माणूस बहुधा पंधरा-वीस वर्षे त्या घरी येणारा माळी असतो आणि त्या घराचा त्याच्यावर जीव असतो.

या माळीदादांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण अनेक नवे व्यावसायिक त्यांना प्रतिस्पर्धी समजतात आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. कुंड्या, गुलाबांची छाटणी, मोगरा, देवाच्या फुलांची झाडे हे काम ते उत्तम करतात. त्यांच्याकडे यंत्र नसते, आणि कात्रीने किंवा विळ्याने लॉन एकसारखे होत नाही, शिवाय वयामुळे कंबरही साथ देत नाही. त्यांना भेटून "दादा, झाडे तुमचीच, फक्त लॉनची कापणी आम्ही करतो" असे सांगितले आणि तो शब्द पाळला, तर एकेका माळ्याकडून आठ-दहा घरांची वाट उघडते. माझ्या वहीतल्या बंगल्यांपैकी सर्वांत टिकाऊ कामे अशाच ओळखीतून आली आहेत.

तिसरी पायरी: गुगलवर 'लॉन' म्हणजे काय ते लक्षात घ्या

पुण्यात 'लॉन' किंवा 'लॉन्स' असा शोध घेतला की आधी मंगल कार्यालये समोर येतात. त्यामुळे गुगल बिझनेस प्रोफाइल तयार करताना नावात किंवा वर्णनात केवळ 'लॉन' हा शब्द ठेवला, तर फोन येतात ते तारीख रिकामी आहे का हे विचारणाऱ्यांचे. वर्णनात 'लॉन मेंटेनन्स', 'गवत कापणी', 'गार्डन मेंटेनन्स', 'माळी काम' हे शब्द स्पष्ट असावेत आणि सेवा देण्याचे भाग नावानिशी लिहावेत. प्रोफाइल विनामूल्य आहे, आणि दुकान नसेल तर पत्ता न दाखवता फक्त सेवेचा परिसर दाखवण्याची सोय त्यात आहे.

छायाचित्रे कामाआधीची आणि नंतरची, एकाच जागी उभे राहून, एकाच कोनातून घ्यावीत आणि मालकाची परवानगी घेऊनच टाकावीत. घराचा क्रमांक किंवा गाडीची नंबर प्लेट त्यात येऊ देऊ नये. अभिप्राय मागण्याची वेळही महत्त्वाची असते. बिल पाठवताना मागितला तर तो राहून जातो, पण कापणी झाल्यावर मालक चपला काढून गवतावरून फेरी मारत असताना मागितला आणि दुवा तिथल्या तिथे पाठवला, तर बहुतेक जण लिहितात. "कुठल्या भागात आणि काय काम केले तेवढे लिहा" अशी विनंती करावी, कारण बाणेरच्या वाचकाला बाणेरचे नाव दिसले की विश्वास वाटतो. स्वतःच्या नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहून घेऊ नयेत, ते वाचताक्षणी ओळखू येतात.

व्हॉट्सॲप बिझनेसवर एक गोष्ट आधीच माहीत असावी. ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे, आणि एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण घेता येतात. म्हणून पहिल्या भेटीतच नंबर साठवून घेण्याची विनंती करावी. महिन्यातून एकच संदेश, तोही त्या महिन्यात बागेला उपयोगी पडेल असा पाठवावा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र स्वतः जाहिरात टाकू नये. तेथे एखाद्या रहिवाशाने "आमचे लॉन हे लोक करतात" असे लिहिले तर त्याचे मोल वेगळे असते.

चौथी पायरी: पुण्याच्या वर्षाला धरून चाला

एप्रिल-मे महिन्यांत चौकशी कमी होते. ऊन चाळिशीला टेकलेले असते, अनेक सोसायट्या टँकरचे पाणी विकत घेत असतात आणि अशा वेळी नवे लॉन लावण्याचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. या काळात गवत थोडे उंच ठेवणे, पहाटे पाणी देणे, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे पाणी बागेकडे वळवणे असा सल्ला द्यावा. पाणी वाचवणारा माणूस म्हणून आपले नाव झाले की जूनमध्ये फोन येतात.

जून-जुलै हा लॉन लावण्याचा खरा हंगाम आहे आणि त्याच वेळी मंगल कार्यालयांचा एक मोठा दरवाजा उघडतो, ज्याकडे छोटे व्यावसायिक फारसे पाहत नाहीत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, म्हणजे चातुर्मासात, लग्ने होत नाहीत. उन्हाळ्यातल्या लग्नसराईने त्या लॉनची दुर्दशा झालेली असते. मांडवाच्या खांबांचे खड्डे पडलेले असतात, जेथे सलग दिवस गालिचे अंथरले तेथे गवत पिवळे पडून मेलेले असते, जेवणाच्या रांगेची जागा पायांनी तुडवून दगडासारखी झालेली असते. पावसाळ्यातले पहिले दोन-अडीच महिने त्या जमिनीला भोके पाडणे, पोयटा माती आणि कुजलेले शेणखत पसरणे, मेलेल्या जागी नवे गवत बसवणे यासाठी उत्तम असतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिला मुहूर्त लागेपर्यंत गवताला पाय रोवायला वेळ मिळतो. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात व्यवस्थापकाला भेटावे, जागा मोजून घ्यावी आणि "चातुर्मासात एकदा दुरुस्ती, नंतर प्रत्येक मोठ्या कार्यक्रमानंतर एक फेरी" असा प्रस्ताव द्यावा. काम मोठे असल्याने माती, गवत आणि खताच्या खर्चाइतकी रक्कम आगाऊ घ्यावी.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबतो आणि गाजर गवतासकट सगळे तण उंच झालेले असते. दिवाळीपूर्वी एकदाच साफसफाई करून हवी असणारे अनेक ग्राहक याच वेळी भेटतात. त्यांना एकवेळचे काम उत्तम करून द्यावे आणि जाताना पुढच्या तीन महिन्यांचे वेळापत्रक लिहून द्यावे. थंडीत गवताची वाढ मंदावते आणि पंधरा-वीस दिवसांनी कापले तरी चालते. ही गोष्ट ग्राहकाला आपणहून सांगावी, नाहीतर पावसाळ्यात आठवड्याला येणारा माणूस डिसेंबरमध्ये का येत नाही असे त्याला वाटते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाला जरूर जावे. बागेची मनापासून आवड असलेली माणसे इतक्या संख्येने एकत्र भेटण्याची दुसरी जागा पुण्यात मला ठाऊक नाही.

पाचवी पायरी: सोसायटीचे काम

सोसायटीचे एक काम म्हणजे दहा बंगल्यांचे काम एका फाटकाच्या आत, परंतु ते मिळायला वेळ लागतो आणि त्याची रीत वेगळी आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि बागेबद्दलच्या तक्रारी त्या सभेत हमखास निघतात. म्हणून प्रस्ताव जुलै-ऑगस्टमध्ये सचिवांच्या हाती असावा. दुसरी संधी आर्थिक वर्षाच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तिसरी संधी अशी की बांधकाम व्यावसायिकाकडून नव्या संकुलाचा कारभार रहिवाशांच्या हाती येतो तेव्हा बागेचे कंत्राटही नव्याने द्यायचे असते.

एका सोसायटीला मी पहिल्यांदा कोटेशन दिले तेव्हा कागदावर फक्त 'बाग देखभाल, दरमहा' आणि रक्कम एवढेच लिहिले होते. काम दुसऱ्याला गेले. नंतर समितीतल्या एका सदस्यांनी मोकळेपणाने सांगितले की तीन कोटेशनांमध्ये आकड्याशिवाय तुलना करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून सर्वांत कमी आकडा निवडला. तेव्हापासून मी टेप घेऊन जागा मोजतो आणि कागदावर सगळे लिहितो: लॉन किती चौरस फूट, झुडपांचे कुंपण किती फूट, पावसाळ्यात किती दिवसांनी कापणी आणि थंडीत किती दिवसांनी, एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापणार नाही, खत आणि औषध कोणाचे, पेट्रोल कोणाचे, कापलेले गवत सोसायटीच्या खतखड्ड्यात जाणार की बाहेर, माळी सुटीवर गेला तर बदली कोण. ब्रश कटरने, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरते पाते असलेल्या गवत कापण्याच्या यंत्राने, खडा उडून गाडीची काच फुटू शकते, म्हणून वाहनतळालगतचे काम गाड्या बाहेर गेल्यावर आणि जाळी धरून करू, हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. ते वाचले की समितीला कळते की समोरचा माणूस प्रत्यक्ष काम करणारा आहे.

झाडांबद्दल स्पष्ट राहावे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मोठ्या फांद्यांच्या छाटणीचे कामही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे विचारूनच घ्यावे. "करून टाका हो, कोण बघतंय" असे कोणी म्हटले तरी नकार द्यावा, त्यातून काम गेले तरी चालेल.

कागदपत्रांपैकी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आणि ऑनलाइन होते, ती करून ठेवावी. सेवा व्यवसायाला जीएसटी नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेल्यावर लागते. एकल मालकीच्या कंत्राटदाराच्या बिलातून, रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली की, सोसायटी १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापते आणि तो विवरणपत्र भरताना जमेस धरता येतो. हे आधी माहीत नसले की पहिल्या बिलावरच विनाकारण वाद होतो.

समितीला निर्णय घेणे जड जात असेल तर संपूर्ण बागेऐवजी फाटकाजवळचा किंवा क्लबहाउससमोरचा एक तुकडा एक महिन्यासाठी, पूर्ण मोबदला घेऊन, करून दाखवण्याचा प्रस्ताव द्यावा. फुकट काम देऊ नये. कोणी काम मिळवून देण्यासाठी कमिशन मागितले तर तेही देऊ नये, कारण ते पैसे शेवटी खतातून आणि माणसांच्या मजुरीतून कापले जातात आणि बाग ते लपवत नाही.

इतर वाटा

सोलापूर रस्त्यावर मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचन या पट्ट्यातल्या आणि आपल्या भागातल्या रोपवाटिकांमध्ये "लावून देणारा कोणी आहे का?" हा प्रश्न रोज विचारला जातो. आपण जेथून माती आणि गवत घेतो तेथेच आपले कार्ड ठेवावे. जुन्या ग्राहकाने नवे घर सुचवले आणि ते काम सुरू झाले, तर त्याला पैशांऐवजी गांडूळखताची एक गोणी पसरून द्यावी. ती भेट त्याच्या लॉनवर दिसत राहते. वर्तमानपत्रातून पत्रके टाकायचीच असतील तर फक्त निवडलेल्या पट्ट्यातल्या विक्रेत्याकडून, जूनच्या पहिल्या पावसानंतर टाकावीत. विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर कागद चिकटवणे १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यात बसत नाही, आणि झाडाला खिळा ठोकून बागकामाची पाटी लावणाऱ्याला तर मी माझ्या दारातही उभे करणार नाही.

सहावी पायरी: प्रत्येक चौकशीची नोंद

साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, नाव, गल्ली, लॉनचे माप, "आमचे नाव कुठून कळले?" या प्रश्नाचे उत्तर आणि काय ठरले, एवढे रकाने असावेत. सहा महिन्यांनी पाने उलटली की कोणत्या वाटेने किती कामे आली आणि कोणत्या खर्चातून काहीच आले नाही ते समोर दिसते. फोन आल्यापासून एका दिवसाच्या आत जागा पाहायला जावे आणि न पाहता फोनवर दर सांगू नये, कारण 'छोटेसे लॉन' म्हणजे कोणाच्या मनात दोनशे चौरस फूट असतात तर कोणाच्या मनात तीन गुंठे.

सर्वांत उपयोगी रकाना नकाराचा असतो. "सध्या माळी आहे", "यंदा पाण्याची अडचण आहे", "घराचे काम काढले आहे" ही कारणे शब्दशः लिहून ठेवावीत आणि त्यांच्यासमोर पुन्हा विचारण्याचा महिना लिहावा. पाण्याची अडचण सांगणाऱ्यासमोर 'जुलै', घराचे काम चालू असलेल्यासमोर रंगाऱ्यांनी सांगितलेली तारीख. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्याच गल्लीत आपले दुसरे काम असेल त्या दिवशी, जाताना फाटकाशी थांबून विचारावे.